पहिल्यांदाच जलदुर्ग बघायला निघताय? आधी तिथी बघा

“जलदुर्गांच्या सहलीला यायचंय, कोणत्या शनिवारी येऊ?” असा फोन आला की मी कॅलेंडरवर वार बघत नाही, तिथी बघते. डोंगरातल्या गडावर तुम्ही तासभर उशिरा पोचलात तरी गड तिथेच असतो आणि वाटही तिथेच असते. समुद्रातल्या किल्ल्याची वाट मात्र दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. गटाने फिरायला येणाऱ्या नवख्या माणसाला ही एक गोष्ट नीट समजली, की उरलेली तयारी सोपी आहे.

हा लेख अलिबाग ते मुरूड या पाच दिवसांच्या मोहिमेसाठी आहे. कुलाबा, खांदेरी, पद्मदुर्ग आणि जंजिरा हे चार पाण्यातले किल्ले, बोटीतून दिसणारा उंदेरी, आणि वाटेत तिन्ही बाजूंनी पाणी असलेला कोर्लई. चढ फार नाही. वाळू, खडक, पुळणी आणि गावातले रस्ते मिळून रोज तीन-चार तासांची चाल आहे. साठीतली माणसं आमच्याबरोबर व्यवस्थित येतात.

तारीख ठरवणे

कोकणातल्या कोळ्यांचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा, की सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून भरती सकाळी-संध्याकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट. अर्ध्या तासाची चूक धरून चाला आणि निघण्याआधी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा.

नुसती वेळ पाहून भागत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल ओसरतं, मोठ्या उधाणाला चार मीटरहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी धड भरत नाही आणि धड सुकतही नाही. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी आहे म्हणून कुलाब्याला चालत निघालात तर गुडघाभर पाण्यातून जावं लागण्याची शक्यता बरीच. चालत जायचं तर द्वितीया ते पंचमी हे दिवस मला सगळ्यांत आवडतात. उधाण अजून उतरलेलं नसतं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान, म्हणजे ऊन तापायच्या आत येते.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्यांकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या बंद असतात, आणि त्या काळात कुणी “मी नेतो” म्हणालं तर नकार द्या. मार्च-एप्रिलमध्ये जाता येतं, पण दुपारनंतर वारा वाढतो आणि होडी फार हलते.

गट निवडताना काय विचारायचं

बारा ते सोळा माणसांचा गट चांगला. चाळीस माणसं एका होडीत मावत नाहीत, मग दोन खेपा होतात आणि दुसऱ्या खेपेच्या लोकांचं पाणी निघून जातं. आयोजकाला तीन प्रश्न विचारा. कुलाब्याच्या दिवशी तिथी कोणती आहे? प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळणार का, आणि ते होडीतच असतात की तुम्ही आणता? समुद्र खवळला तर त्या दिवसाचा दुसरा बेत काय? पहिल्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याबरोबर जाऊ नये, मग त्याचे फोटो कितीही सुंदर असोत.

हे मी ठासून सांगते, कारण माझी पहिलीच सहल अशी झाली होती. म्होरक्या माणूस हौशी होता, माहितीही भरपूर सांगायचा, पण त्याचं लक्ष घड्याळातल्या जेवणाच्या वेळेवर होतं. कुलाब्याच्या तटावर आम्ही रमलो आणि परत निघालो तेव्हा मधल्या वाळूवर पाणी आलेलं. आधी घोट्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत, आणि सगळ्यांत खोल जागी कमरेपर्यंत. पाणी समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी येतं, आणि पायाखालची वाळू सरकते. आमच्यातल्या एका काकूंचा धीर सुटला. किनाऱ्यावरून दोन कोळी तरुण पाण्यात उतरले आणि त्यांना धरून घेऊन आले. कुणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून मी गट घेऊन जाते तेव्हा परतीची वेळ आदल्या रात्रीच सांगते, आणि ती कुणासाठीही पुढे ढकलत नाही.

सामान

दोन जोड पादत्राणं हवीतच. ओल्या दिवसांसाठी मागे पट्टा असलेले, भिजले तरी चालणारे सँडल, आणि कोर्लईसाठी बूट. चपला नकोत, चिखलात त्या अडकून राहतात. अनवाणी तर मुळीच चालू नका. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी लागते आणि खाऱ्या पाण्यातली जखम लवकर भरत नाही.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. खांदेरी आणि पद्मदुर्गावर विकत काही मिळेल असं धरून निघू नका. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, होडी लागत असेल तर त्याची गोळी निघण्याआधी अर्धा तास. खाऊ म्हणून चिक्की, खजूर, दशम्या. छत्री आणू नका, तटावरच्या वाऱ्यात ती तुम्हालाच ओढून नेते.

पहिला दिवस (तृतीया): अलिबाग

मुंबईहून गेटवेवरून लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग, हा सोपा मार्ग. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. पुण्याकडून खोपोली-पेण मार्गे एसटी आहे.

या दिवशी दुपारी सव्वादोनला भरती. किल्ल्यात जायचं नाही, तो नुसता बघायचा. किनाऱ्यावर बसा आणि आत्ता जिथे लाटा फुटताहेत तिथूनच उद्या चालत जायचंय, हे डोळ्यांनी पाहून घ्या. नवख्यांसाठी हा तास मी मुद्दाम ठेवते. नंतर गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी बघा. ४ जुलै १७२९ रोजी ते गेले, आणि ते असेपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, जंजिऱ्याचा सिद्दी यांपैकी कुणालाही त्यांचं आरमार मोडता आलं नाही. जवळच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं हे काम १९०४ मध्ये इथे हलवलं गेलं. (मुंबईचा कुलाबा वेगळा आणि अलिबागचा कुलाबा किल्ला वेगळा, नवखे लोक इथे हमखास गोंधळतात.)

दुसरा दिवस (चतुर्थी): कुलाबा, चालत

ओहोटी नऊला. पावणेआठला वाळूवर उभे राहा आणि साडेदहाला किनाऱ्यावर परत या. अंतर दीडेक किलोमीटर. पाणी ओसरल्यावर घोडागाड्याही जातात, गुडघे दुखणाऱ्यांनी त्यात बसायला काहीच हरकत नाही. चालताना घोडागाडीच्या चाकोरीजवळून चला, तिथली वाळू घट्ट असते.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, अगदी शेवटच्या दिवसांत सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाजवळ गेल्यावर थांबा आणि दगडांच्या सांध्यांत हात घालून बघा. चुना नाही. अजस्र दगड नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर तिथेच मोडतो आणि ती तशीच परत वाहून जाते. भिंत घट्ट लिंपली असती तर सगळा मार तिने अंगावर घेतला असता. समुद्राशी भांडण न करता उभं राहण्याची ही रीत मला फार मोठी वाटते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून या किल्ल्यावर चालून आले, त्यांनाही हात हलवत परत जावं लागलं.

आत गोड्या पाण्याची पुष्करणी आणि १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणेशपंचायतनाचं देऊळ आहे. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांवरची अक्षरं वाचा: १८४९ साल आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव. म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या काळातल्या नाहीत, संस्थान खालसा झाल्यानंतरच्या आहेत. तोफेजवळ उभं राहून कुणी कान्होजींच्या लढाईची गोष्ट रंगवू लागला तर तुम्हाला हे माहीत असू द्या.

दुपारी जेवून विश्रांती घ्या, ऊन कलल्यावर वरसोलीच्या किनाऱ्याने थळपर्यंत पाच-सहा किलोमीटर चाला. सुरूची झाडं, वाळत घातलेली मासळी, जाळी विणणारी माणसं. फेब्रुवारीनंतर आलात तर वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. एक माळ परतीच्या दिवशी घ्या, आत्ता नको, पाठीवर जड होते.

मुक्काम थळला घरगुती सोय पाहून करा. तांदळाची भाकरी, ताजा बांगडा आणि सोलकढी. शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी कळवा, वालाचं बिरडं आवडीने करून देतात.

तिसरा दिवस (पंचमी): खांदेरी

आज पाण्याची खरी परीक्षा. पहाटे पावणेचारची भरती ओसरत असते, पूर्ण ओहोटी दहाच्या जरा आधी. होडीत चढायला किनाऱ्याशी पुरेसं पाणी लागतं, म्हणून नाखवा उजाडतानाच बोलावतो. तो साडेसहा म्हणाला तर सव्वासहाला हजर राहा. परतही तोच सांगेल तेव्हा, साधारण दुपारी पाणी पुन्हा चढल्यावर. होडीत नाखव्याचा शब्द शेवटचा, गटाच्या म्होरक्याचाही नाही. सगळे एका बाजूला फोटोसाठी उठू नका. जॅकेटचे बंद बांधलेले असू द्या, नुसतं खांद्यावर टाकून उपयोग नाही.

डावी-उजवीकडे दोन बेटं दिसू लागतात: किनाऱ्याजवळचं बुटकं ते उंदेरी, पलीकडचं दोन टेकड्यांचं आणि दीपगृहाचं ते खांदेरी. १६७९ च्या ऑगस्टमध्ये महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्यांना माणसं देऊन खांदेरीवर पाठवलं आणि तट उभारायला लावले. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होतोय हे इंग्रजांना सहन होणं शक्य नव्हतं. त्यांनी मोठी गलबतं आणून बेटाला वेढा घातला. पण वारा पडला की मोठं गलबत जागच्या जागी उभं राहतं. मराठ्यांच्या वल्हवायच्या छोट्या होड्या उथळ पाण्यातून रात्रीच्या रात्री थळ-नागाव बाजूने धान्य आणि सामान पोचवत राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं ‘डव्ह’ नावाचं गलबत मराठ्यांनी धरलं. पुढे इंग्रजांना तह करून बाजूला व्हावं लागलं, खांदेरी मराठ्यांकडेच राहिलं. सिद्दीने मात्र शेजारचं उंदेरी बळकावून तिथून तोफा डागणं चालू ठेवलं. तुमची होडी ज्या उथळ पाण्यातून चाललीय तिथेच हे सगळं घडलं, म्हणून ही गोष्ट मी किल्ल्यावर सांगत नाही, होडीतच सांगते.

बेटावर उतरल्यावर आधी वेताळाचं देऊळ लागतं. कोळ्यांचं हे जागृत दैवत आहे. चपला काढा, फोटोआधी विचारा. पुढे तटाच्या कडेने फिरून १८६७ च्या दीपगृहापर्यंत चढा. वाटेत एक मोठा खडक आहे, छोट्या दगडाने त्यावर टकटक केलं की रिकाम्या तांब्याच्या हंड्यासारखा आवाज येतो. एकदा ऐका आणि पुढे चला. सोळा जण घणासारखे ठोकत बसले की मला वाईट वाटतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे बारा किल्ले निवडले, त्यांत खांदेरी आहे. कुलाबा आणि पद्मदुर्ग नाहीत. यादीत नसलेल्या किल्ल्यांकडेही तितक्याच आदराने जा.

संध्याकाळी अलिबागमार्गे एसटीने रेवदंडा.

चौथा दिवस (षष्ठी): रेवदंडा, कोर्लई

आज होडी नाही, म्हणून पाय मोकळे करा. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट गावाभोवतीच आहे. माडांच्या वाड्यांतून फिरत सातखणी मनोऱ्याशी या. नाव सातखणी असलं तरी आता त्याचे चारच मजले उरले आहेत. तिथून पूल ओलांडून कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लई, तासा-दीड तासाची चाल. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत. माथ्यावर उभं राहिलं की एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हा डोंगर अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला.

खाली गावात जरा रेंगाळा. इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांतून घडलेली एक वेगळीच भाषा आजही घराघरांत बोलतात. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. दुपारच्या चहाला थांबलात तर कानावर पडेल. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली आणि भाषा राहिली, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं. मग एसटीने मुरूड.

पाचवा दिवस (सप्तमी): पद्मदुर्ग, मग जंजिरा

क्रम हाच ठेवा. बहुतेक सहली जंजिरा बघून पद्मदुर्ग लांबूनच दाखवतात. माझ्या मते पद्मदुर्गाशिवाय जंजिरा अर्धा कळतो.

सकाळी सातला मुरूडच्या किनाऱ्यावरून होडी घ्या. परवानगी लागते का आणि होडी कोण नेईल हे आदल्या दिवशीच कोळीवाड्यात विचारून पक्कं करा. उतरताना गुडघाभर पाण्यात उडी मारायची तयारी ठेवा, आधी पिशव्या हातोहात पुढे द्या. सिद्दीच्या जंजिऱ्यासमोर महाराजांनी हा किल्ला उठवला. जानेवारी १६७५ च्या त्यांच्या पत्रात शब्द आहेत, ‘राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी’ (राजपुरी म्हणजे सिद्दीचं ठाणं). आणि ते पत्र कौतुकाचं नाही. आरमाराला वेळेवर पैसा आणि धान्य न पोचवणाऱ्या सुभेदाराला दिलेली ती कडक ताकीद आहे.

इथे तटापाशी बसून पाच मिनिटं फक्त भिंत बघा. साडेतीनशे वर्षं लाटा खाऊन दगड झिजलेत, आत खोलगट झालेत, वाटीसारखे. पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा उभा आहे. त्यामुळे भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते: कडा चुन्याच्या आणि घरं दगडांची. बोट फिरवा, चुन्याची कड अजून टणक लागते. कुलाब्याला चुन्याशिवायची भिंत पाहिलीत, इथे दगडाला पुरून उरलेला चुना. गटातली माणसं इथे आपोआप गप्प होतात.

साडेनऊपर्यंत परत या, नाश्ता करा आणि राजपुरीकडे चार-पाच किलोमीटर चाला. मधल्या चढावरून जंजिरा वरून दिसतो, तिथे थांबा. राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. शनिवार-रविवारी लांब रांगा लागतात, म्हणून मोहिमेचा शेवट मधल्या वारी येईल असं बघा. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे होडीतूनच अनुभवा. आत बावीस एकरांचा पसारा, गोड्या पाण्याचे तलाव, दरवाजापाशी पंजांत हत्ती धरलेला वाघ, आणि बुरुजावर कलालबांगडी तोफ. सगळं पाहायला दीड तास तरी मागून घ्या, होडीवाले घाई करतात.

एक गोष्ट तटाकडे बघत सांगण्यासारखी. लाय पाटील नावाच्या कोळी वीराने रात्री होडीतून येऊन या तटाला शिड्या लावल्या आणि मागून येणाऱ्या फौजेची वाट पाहिली. फौज वेळेत पोचली नाही. उजाडायला लागल्यावर शिड्या काढून त्यांना परतावं लागलं. किल्ला मिळाला नाही, तरी महाराजांनी त्यांचा मान केला.

परतीला मुरूडहून मुंबई-पुण्याच्या एसटी आहेत, जागा आधी राखून ठेवा. सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग याच सहलीत उरकायचा मोह टाळा. हर्णै आणि मालवण पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा, सिंधुदुर्गाला तर दोन दिवस हवेत. घरी पोचलात की त्याच रात्री सँडल, पिशवीच्या चेनी आणि चष्मा गोड्या पाण्याने धुवून काढा. मीठ एकदा वाळलं की चेन पुन्हा सरकत नाही.